केस मिटली म्हणतात, पण कागद काय म्हणतो?

चूल आवरली असेल तर जरा वही-पेन घेऊन बसा. आज बचतीचा हिशेब नाही, कोर्टातला कागद कसा शोधायचा ते सांगणार आहोत. आम्ही चुकत-माकत शिकलो, तुम्हाला तेवढा वेळ लागू नये म्हणून हे बोलणं.

आमच्या गावात सातवीपर्यंतच शाळा आहे. पुढच्या मुली जीपनं तालुक्याला जातात. एका संध्याकाळी परत येताना जीप ओढ्याच्या वळणावर खाली गेली. आमच्या गटातल्या एका ताईच्या मुलीचा हात मोडला. ड्रायव्हरच्या तोंडाला वास येत होता, हे मुलींनीच सांगितलं. ताईनं फिर्याद दिली. पोलिसांनी ड्रायव्हरला ग्रामीण रुग्णालयात नेऊन रक्ताचा नमुना घेतला. त्यानंतर काही महिने सगळं शांत.

जूनमध्ये शाळा उघडायच्या वेळी तोच ड्रायव्हर दारात आला. म्हणाला, "दंड भरला, केस मिटली. पोरी पाठवा." चार मोठी माणसंही म्हणाली, "मिटलंय ना, मग कशाला ताणता?" ताई गटाच्या बैठकीत एवढंच म्हणाली, "मिटलं तर मला कुणी बोलावलं कसं नाही?"

या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. मग आम्ही तिघी तालुक्याच्या कोर्टात गेलो. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरलो. "केस नंबर काय?" या प्रश्नापाशी सगळं अडायचं. बाहेर झेरॉक्सच्या दुकानातल्या मुलीनं सांगितलं की मोबाइलवर ई-कोर्ट्स म्हणून सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, वकीलही लागत नाही.

घरी येऊन गटातल्या एकीच्या सुनेनं शोध घेतला. राज्य, जिल्हा, कोर्ट निवडलं आणि ड्रायव्हरचं नाव टाकलं. दारू पिऊन गाडी चालवल्याची एक केस निघाली, निकाल लागून दंड झालेली. आम्हाला वाटलं, सापडलं! आणि इथेच आमची चूक झाली. दुसऱ्या दिवशी पिठाच्या गिरणीत हे कुणाच्या तरी तोंडून निघालं. तो माणूस होता शेजारच्या गावचा, नाव-आडनाव तेच, बापाचं नाव वेगळं. त्याची आई रडत आमच्या बैठकीला आली. त्यानं दंड भरून दारू सोडली होती आणि त्याचं लग्न ठरत होतं. आम्ही तिची माफी मागितली, पण गिरणीतली गोष्ट परत पोत्यात भरता येत नाही.

म्हणून पहिली गोष्ट लिहून घ्या. नुसत्या नावावर विश्वास ठेवायचा नाही. त्यातून नावं बहुतेक इंग्रजी अक्षरांत असतात, एकच नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. बापाचं नाव, गाव, पोलीस ठाणं, तारीख, सगळं जुळलं तरच तो माणूस.

दुसरी गोष्ट. नावापेक्षा गुन्ह्याच्या नंबरानं शोधा. एफआयआरवर गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष असतं. फिर्याद देणाऱ्याला एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो हक्क आहे. ताईची प्रत तांदळाच्या डब्यात घडी करून ठेवलेली होती, आणि आम्ही तालुकाभर फिरत होतो! पोलीस ठाणं, नंबर आणि वर्ष टाकलं की केस समोर आली. प्रत्येक केसला सोळा अक्षर-आकड्यांचा एक सीएनआर नंबर असतो. तो वहीत लिहून ठेवा, पुढे त्या एका नंबरावर सगळं दिसतं.

आम्हाला काय दिसलं? केस चालू होती. मोटार वाहन कायद्याचं कलम 185, म्हणजे नशेत गाडी चालवणं, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम 281, म्हणजे बेदरकार गाडी चालवणं. 1 जुलै 2024 च्या आधीची घटना असेल तर तिथे भारतीय दंड संहितेचं कलम 279 दिसेल. मागच्या दोन तारखांना आरोपी गैरहजर होता. पुढची तारीख तीन आठवड्यांवर होती. कसला दंड आणि कसलं मिटणं! गावात तडजोड झाली म्हणून कोर्टातली केस आपोआप संपत नाही.

कायदा असा आहे. शंभर मिलीलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त दारू सापडली तर गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पण केस चालू आहे म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं नाही. आम्हीही बैठकीत त्याला गुन्हेगार म्हणालो नाही. "केस मिटली हे खरं नाही," एवढंच म्हणालो आणि छापील कागद पुढे ठेवला. कुणाला आवाज चढवावा लागला नाही. मुलींसाठी दुसरी जीप ठरली.

काही वेळा मोबाइलवर निकालाची प्रत दिसत नाही. मग कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करायचा. केस नंबर, दोन्ही बाजूंची नावं, कोणता कागद हवा ते लिहायचं, ठरलेली फी भरायची. आपण त्या केसमध्ये नसू तर कागद कशासाठी हवा तेही लिहावं लागतं, आणि द्यायचा की नाही ते कोर्ट ठरवतं.

अडलं तर कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. फोन नंबर आहे 15100. अपघातात कुणी जखमी झालं असेल तर भरपाईच्या दाव्याचंही तिथेच विचारा, आणि लगेच विचारा. कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांची मुदत लिहिली आहे.

तारखेच्या दिवशी ताई कोर्टात गेली. आम्ही चौघी तिच्याबरोबर बाकावर बसलो. त्या दिवशी ड्रायव्हर आला. केस अजून चालू आहे, ताईची साक्ष व्हायची आहे. पण आता तारीख कुणी सांगेल म्हणून ती वाट बघत नाही. गटाच्या वहीत हप्त्यांच्या तारखांखाली ती तारीखही लिहिलेली असते.

तुमच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. ज्यांच्या घरी एफआयआर किंवा कोर्टाचा कागद असेल, त्यांना तो डब्यातून बाहेर काढायला सांगा. नंबर वहीत उतरवा. शोध घ्या, दोनदा तपासा, आणि मगच बोला. नमस्कार.