पंगतीतील आग्रह आणि आरोग्य



हितकर आहार कोणता, हे आज कोणास नव्याने सांगावयास हवे असे नाही. दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी मीठ खावे, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोचला आहे. तरीही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे. तेव्हा उणीव केवळ ज्ञानाची नव्हे. ते आचरणात टिकविण्याची आहे.

मनुष्यास पथ्याकडे वळविणारी पहिली शक्ती म्हणजे भय. रक्ततपासणीचा कागद हाती पडला की साखरेचा डबा माळ्यावर जातो. परंतु भयाचे आयुष्य अल्प असते. औषधाने आकडा खाली आला की डबाही खाली येतो!

दुसरी शक्ती सोबतीची. आणि तीच टिकाऊ, असा आमचा अध्यापनातील अनुभव आहे. जीवनसत्त्वांची नावे घडाघडा म्हणणारी मुले डब्यातील पालेभाजी घरी तशीच परत नेत. तीच मुले गोलाकार बसून डबे वाटून खाऊ लागली, म्हणजे भाजीचा कण उरत नसे. मोठ्यांची गत निराळी नाही. घरात एकट्यालाच पथ्याचे जेवण आणि इतरांना पुरी-श्रीखंड, अशी तऱ्हा असल्यास पथ्य ही शिक्षा वाटते. सर्वांच्याच पानात भाकरी, उसळ व कोशिंबीर असल्यास ते पथ्य न राहता घरची रीत होते.

आता आपल्या पंगतीकडे पाहू. येथे सोबत उलट दिशेने ओढते. "आमची शपथ, आणखी एक जिलबी!" या आग्रहात प्रेम असते, हे आम्ही जाणतो; परंतु त्या प्रेमापुढे महिनाभराचा संयम मोडतो. नकार देणाऱ्यास मात्र यजमानाचा अपमान केल्यासारखे वाटते.

मिष्टान्नाशी आमचे वैर नाही. विनंती इतकीच की, पुढील स्नेहसंमेलनात पक्वान्न एकच असावे, आग्रह उसळ-कोशिंबिरीचा व्हावा, आणि कोणी "पुरे" म्हणताच वाढणाऱ्याने हसतमुखाने पुढे जावे. ज्या ज्ञातीत "पुरे" या शब्दाचा मान राखला जातो, तेथे संयम एकट्याचा राहत नाही.