वर्षभरात काय वाचलंत?
वर्षभरात वाचलेल्यातलं काय आवडलं, असं कुणी विचारलं तर रायपूरकराला लांब जायला नको. आपल्याच शहरातल्या विनोदकुमार शुक्ल यांना २०२४चा ज्ञानपीठ पुरस्कार जाहीर झाला. छत्तीसगडच्या वाट्याला आलेला हा पहिलाच. त्यांची ‘दीवार में एक खिड़की रहती थी’ ही कादंबरी आधी घ्या. रघुवर प्रसाद लहान गावातल्या कॉलेजात गणित शिकवतात. संसार एका खोलीचा. कॉलेजला जायला टेम्पोचा भरवसा नाही, तर एक साधू त्यांना चक्क हत्तीवरून नेतो! खोलीच्या खिडकीतून नवराबायको पलीकडे उतरले की तळं, पायवाट आणि चहा पाजणारी म्हातारी. घाईनं वाचाल तर कंटाळाल. रोज चार पानं पुरेत. ‘नौकर की कमीज’ मात्र धारदार आहे: साहेबांनी नोकरासाठी शिवून घेतलेला सदरा कारकुनाच्या अंगावर चढतो.

मराठी घरातले माधवराव सप्रेही आपलेच. १९०० साली त्यांनी पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढलं, पुढे टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही १९०१मधली कथा चहा निवायच्या आत वाचून होते. आज रात्री घरात मोठ्यानं वाचून दाखवा.