आश्रमात राहायला जायचंय? आधी टाकळीला चला

मागच्या भागानंतर बरेच व्हॉइस नोट आले. त्यातल्या तीन-चार जणांचं म्हणणं जवळपास सारखंच होतं. नोकरीचा वीट आलाय, घरचे फ्लॅट आणि लग्न यांवरच बोलतात, मग सगळं सोडून एखाद्या आश्रमात जाऊन राहिलं तर काय बिघडलं?

आता आपण नाशिककर. कुंभमेळा आपल्या दारात भरतो, पुढचा सिंहस्थ 2027 चा. तेरा आखाड्यांपैकी दहा त्र्यंबकला स्नान करतात, तीन वैष्णव आखाडे इकडे रामकुंडावर. साधू बघायची सवय आपल्याला लहानपणापासून. पण साधू दिवसभर करतात काय, हे कधी विचारलंत?

त्यासाठी आगर टाकळीला जा. नासर्डी, म्हणजे जुनी नंदिनी, जिथे गोदावरीला मिळते तिथे समर्थ रामदासांचा मठ आहे. बोहल्यावरून पळालेला बारा वर्षांचा नारायण जांबहून इथे आला. 1620 ते 1632, बारा वर्षं इथेच. परंपरेने सांगितलेली त्याची दिनचर्या ऐका. पहाटे उठून सूर्यनमस्कार. मग दुपारपर्यंत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून जप. मग पंचवटीत माधुकरी मागायची, जेवायचं. दुपारी ग्रंथवाचन, मंदिरात पुराण-कीर्तन ऐकणं, पोथ्या उतरवून काढणं. त्यांच्या हातचं मानलं जाणारं वाल्मीकी रामायण आजही धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. शेणाचा मारुती, गोमय मारुती म्हणतात तो, टाकळीलाच आहे.

यात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती माधुकरी. म्हणजे बघा, पंचवटीत कुणीतरी धान्य विकत आणलं, कुणीतरी चूल पेटवली, म्हणून या मुलाच्या झोळीत भाकरी पडली. मोक्षाच्या मागे लागलेल्या माणसाचं पोट दुसऱ्याच्या अर्थावर चालतं. हे कुठल्याही आश्रमाला लागू आहे, कितीही मोठा असो.

धर्म, अर्थ, काम, मोक्ष हे चार शब्द आपण शाळेत पाठ केले आणि सोडून दिले. त्यात पहिली तीन म्हणजे त्रिवर्ग, मोक्षाला स्वतंत्र चौथी जागा नंतर मिळाली. कौटिल्य तर सरळ म्हणतो की तिघांत अर्थ प्रधान, बाकी दोन्ही त्यावर उभे. आणि कामसूत्रात वात्स्यायनाने वयानुसार वाटणीच केलीये. लहानपणी अर्थ, तारुण्यात काम, म्हातारपणी धर्म आणि मोक्ष. गंमत म्हणजे लहानपणीच्या ‘अर्था’त त्याने शिक्षण धरलंय. तेव्हा इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि बॅकलॉग हेही पुरुषार्थात बसतं, काळजी नको!

पण क्रम उलटवला तर काय होतं? आळंदीची कथा आहे. विठ्ठलपंत बायकोला मागे ठेवून काशीला गेले, लग्न झालेलं लपवून संन्यास घेतला. गुरूला कळलं तेव्हा त्याने परत पाठवलं, संसार कर म्हणून. मग निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता झाले. गावाने त्यांना ‘संन्याशाची पोरं’ म्हणून वाळीत टाकलं, मुंज नाकारली, आणि आईबापांना देहान्त प्रायश्चित्त. निर्णय विठ्ठलपंतांचा, भोगलं रुक्मिणीबाईंनी आणि पोरांनी. त्यातल्या थोरल्याची, निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकला आहे, 1297 ची. पौष वद्य एकादशीला तिथे वारकऱ्यांच्या दिंड्या येतात, बहुतेक सगळे संसारी, शेतकरी. मला हे फार बोलकं वाटतं. आणि स्वतः पळून आलेले रामदासही दासबोधात प्रपंच आधी नीट करा, मग परमार्थ, असंच सांगतात.

मग जाऊच नये का? जा की! पाहुणा म्हणून जा. पण आधी कळवा. बऱ्याच आश्रमांत ईमेल किंवा पत्र लागतं, अचानक बॅग घेऊन उभं राहायचं नसतं. पहाटे घंटा होते, आरती, ध्यान, मग नाश्ता. त्यानंतर सेवा, म्हणजे भाजी निवडणं, अंगण झाडणं, पुस्तकांच्या दुकानात बसणं. तुमचा सीटीसी तिथे कुणी विचारत नाही, ताट मात्र आपलं आपण घासायचं. रामकृष्ण मठात संध्याकाळी विवेकानंदांनी रचलेली आरती होते, पुण्याच्या मठात सहज जाऊन ऐकता येते. नऊ-दहाला दिवे बंद. आपल्या इगतपुरीचं धम्मगिरी बुद्धाच्या परंपरेतलं, तिथे पुरुषार्थाची भाषा नाही. पण पहाटे चारची घंटा, दहा दिवस मौन आणि फोन जमा, हे ज्यांना झेपतं त्यांना आश्रम झेपतो.

कायमचं राहायचं असेल तर ऐका. रामकृष्ण संघात संन्यास मिळायला साधारण नऊ-दहा वर्षं लागतात. आधी उमेदवारी, मग ब्रह्मचर्य दीक्षा, मग संन्यास. आपल्याकडे तीन महिन्यांचा नोटीस पीरियडही कुणाला सोसत नाही. मला वाटतं ही लांबण मुद्दाम आहे, वैतागून आलेला त्यात आपोआप गळतो.

तर ज्यांनी व्हॉइस नोट पाठवले त्यांना माझा एकच प्रश्न आहे, त्याचं उत्तर पाठवा. तुम्ही गेलात तर घरचा हप्ता कोण भरणार, आणि त्याला विचारलंय का?