कानाच्या अहवालातील शब्द

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



जमाखर्च मांडण्यापूर्वी आपला थोडा वेळ घेत आहोत. आम्ही वाणिज्य शाखेचे. वैद्यकातील अधिकार आमचा नाही. परंतु श्रवणतपासणीचा अहवाल हाती पडला की नातेवाईक येतात ते देयकाच्या खिडकीशी, आणि शब्दांचा अर्थ विचारतात तोही तेथेच. म्हणून डॉक्टरांकडून समजावून घेतलेले काही येथे सांगतो.

सर्वाधिक घोटाळा आकड्यांचा होतो. अहवालात ‘६०’ दिसले की पालक समजतात, साठ टक्के गेले, चाळीस टक्के उरले. मूल ऐकते आहे, वर्षभर थांबू. तो आकडा टक्क्यांचा नव्हे, डेसिबलचा. निदान किती मोठा आवाज केल्यावर ऐकू आला, एवढेच तो सांगतो. साधे बोलणे ५० ते ६० डेसिबलच्या घरातले. म्हणजे त्या बालकाला घरातील बोलणे जेमतेमच पोहोचते. आमच्या खतावणीत साठ ही तिसाची दुप्पट. येथे दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दसपट होते, म्हणून साठ ही तिसाची हजारपट! शून्य म्हणजेही काही नाही असे नव्हे. निरोगी तरुण कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज तो शून्य. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरील टक्के निराळ्या सूत्राने काढतात. २०१६ च्या कायद्याने दोन्ही कानांत ७० डेसिबलची हानी असलेल्यास बधिर, तर ६० ते ७० असलेल्यास ऐकण्यास कमी मानले आहे.

दुसरा शब्द ‘कंडक्टिव्ह’. येथे दोष ध्वनी आत पोहोचविण्यात असतो. पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन हाडे असतात. रिकीब तर जेमतेम ३ मिलिमीटरची. मळ, पू, फाटलेला पडदा यांमुळे आलेला हा दोष पुष्कळदा उपचाराने सुधारतो.

‘सेन्सरीन्यूरल’ म्हटले की मात्र घरी निरोप जातो, “नस सुकली.” या शब्दाने फार नुकसान केले आहे. बहुतेक वेळा नस शाबूत असते. शंखाकृती अंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी नष्ट झालेल्या असतात. त्या माणसात पुन्हा उगवत नाहीत हे खरे. तरी श्रवणयंत्र लावता येते, आणि तीव्र बधिरत्वात कॉक्लिअर इम्प्लांट त्या पेशींना वगळून थेट नसेलाच विद्युत संकेत देते. नस सुकली असे मानून बसलेले कुटुंब ही चौकशीच करीत नाही.

‘मूकबधिर’ हा शब्द आम्ही केसपेपरवरून काढण्यास सांगितले आहे. अशा बहुतेक मुलांच्या कंठात दोष नसतो. ऐकू न आल्याने बोली उमटत नाही, एवढेच. नवजात बालकाची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि यंत्र सहाव्या महिन्यापर्यंत व्हावे, असा सर्वमान्य दंडक आहे. बाळ झोपेत असतानाही ही पहिली तपासणी होते. टोचावे लागत नाही.

यापुढे प्रत्येक श्रवण-अहवालासोबत या शब्दांची मराठी चिठ्ठी जोडली जाईल. तिच्या छपाईचा खर्च ‘किरकोळ’ या सदरात दाखविला आहे. आता ताळेबंदाकडे वळू.