परभणीच्या दोन माता
(कोलशेत, ठाणे इथल्या युवक बैठकीतलं भाषण)



दहशत म्हटलं की आपल्याला बॉम्ब आठवतो. पण सरकारी यंत्रणेनं कायदा मोडून आपल्याच नागरिकाचा जीव घेतला, तर तीही दहशतच. ती कोठडीत थांबत नाही, मोहल्ल्यात पसरते. मग घरोघरी वडील मुलाला सांगतात, "मीटिंगला जाऊ नकोस, कशावर सही करू नकोस." एकाचा जीव जातो, हजार जण गप्प होतात.

ख्वाजा युनूस परभणीचा. वय 27, माझ्यासारखाच सॉफ्टवेअर इंजिनिअर. डिसेंबर 2002 मध्ये घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात त्याला अटक झाली. जानेवारी 2003 मध्ये पोलीस म्हणाले, औरंगाबादला नेताना गाडीला अपघात झाला आणि तो पळाला. सीआयडीच्या तपासात ही कहाणी टिकली नाही. 14 पोलिसांवर ठपका आला. सरकारनं खटल्याची परवानगी दिली चौघांपुरतीच. सहआरोपी पुढे निर्दोष सुटले. आई आसिया बेगम वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिल्या.

पुन्हा परभणीच. संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर आंदोलन पेटलं. त्यात पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबर 2024 ला न्यायालयीन कोठडीत असताना गेला. आई विजयाबाई हायकोर्टात गेल्या. जुलै 2025 मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला. सरकार त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेलं आणि हरलं.

एक मुस्लिम, एक आंबेडकरी तरुण. आपण फक्त पहिल्यासाठी बोललो, तर तो न्याय नाही, गटबाजी झाली. याच मराठवाड्यात निजामाच्या राज्यात रझाकारांचा जुलूम हिंदू शेजाऱ्यांनी सोसला. तो करणारे मुसलमान होते म्हणून आपल्यासाठी तो सौम्य ठरत नाही.

छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारतानं 1997 मध्ये सही केली, पण त्याला मान्यता दिलेली नाही. ती मागणी आपली हवी. आणि हे पाठ करा: अटकेचं कारण सांगायलाच हवं, नातेवाइकांना कळवायलाच हवं, 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करायलाच हवं. छळ झाला असेल तर तिथेच सांगा, वैद्यकीय तपासणी मागा, कागदाची प्रत घ्या.

शेजारच्या मुलाला उचललं, तर दार लावून घेऊ नका. तो कोणत्याही धर्माचा असो, वकिलाला फोन करा आणि त्याच्या आईसोबत पोलीस स्टेशनला जा.