राजा गेला, पण नाव कुणाचं लागलं?

(१७ सप्टेंबर २००८ रोजी गारखेडा इथं वनहक्क दाव्यांच्या बैठकीत झालेलं भाषण. बैठकीला येता न आलेल्या गावांसाठी छापत आहोत. गावात वाचून दाखवावं.)

जिंदाबाद साथींनो! कन्नड-सोयगावच्या डोंगरातून आलेल्या भिल्ल-ठाकर मायबहिणींनो, भावांनो, किनवटकडून रात्रभर गाडीत बसून आलेल्या गोंड, कोलाम, आंध मायबापहो, सगळ्यांना जोहार!

आम्ही बोलणारी पोरं काही लई शिकलेली नाहीत. बारावीपर्यंत गेलो, पुढचं तुमच्याबरोबर फिरून शिकलो. म्हणून चुकलं तर मध्येच टोका.

आज सकाळी शहरात झेंडावंदन झालं. मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला त्याला आज ६० वर्षं झाली. आणि इथं गारखेड्यात आम्ही मुक्कामाला असतो त्या गल्लीत एक नेपाळी गुरखा रात्री शिट्टी वाजवत फिरतो. या २८ मे रोजी त्याच्या देशातली २४० वर्षांची राजेशाही संपली. ऑगस्टमध्ये माओवाद्यांचे पुढारी प्रचंड पंतप्रधान झाले. आम्ही त्याला म्हणालो, दादा, आता तुमचं राज्य आलं, पहारा सोडा अन् गावाकडं जा. तो म्हणाला, "राजा गेला, पण शेतावर माझं नाव कुठं लागलंय? नाव लागलं की जाईन."

हे बोलणं आमच्या डोक्यातून जाईना. कारण आपल्याकडं ६० वर्षांमागं हेच झालं.

निजामाच्या राज्यात जमीन कुणाची होती? ढोबळ हिशोब सांगतो. दर दहा एकरांतली सहा सरकारी महसुलाची, तीन जहागीरदारांची आणि एक खुद्द निजामाची, तिला सर्फ-ए-खास म्हणत. सरकारी म्हणलेल्या जमिनीवरही तेलंगणात देशमुख बसलेले. त्यांच्या घरी फुकट राबायचं, त्याला तिकडं वेट्टी म्हणत, आपण वेठ म्हणतो. आणि जंगल जंगलखात्याचं. पिढ्यान् पिढ्या कसलेल्या जमिनीभोवती खात्यानं रेघ ओढली, की आतला माणूस चोर झाला.

त्याच्याविरुद्ध उठला तो आपला माणूस. कोमराम भीम, गोंड. त्याचा जिल्हा आदिलाबाद, आणि आपला किनवट तालुका तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. जल, जंगल, जमीन आमची, हे त्याचं मागणं. १९४० साली जोडेघाटात निजामाच्या पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या. तो मेल्यावर सरकारनं हायमेंडॉर्फ नावाचा अभ्यासक गोंडांची हालत बघायला बोलावला, आणि पुढं काही गोंडांना पट्टे मिळाले. भीमाच्या रक्ताशिवाय ते मिळाले नसते.

मग तेलंगणात कम्युनिस्टांनी आंध्र महासभेच्या नावानं गावोगावी संघ उभे केले. पालकुर्तीची ऐलम्मा, जातीनं परटीण. तिचं उभं पीक विसनूरच्या देशमुखाची माणसं न्यायला आली. संघाची पोरं गेली आणि धान्य कापून तिच्या घरात आणून टाकलं. ४ जुलै १९४६ रोजी कडवेंडी गावात देशमुखाच्या माणसांनी गोळी घातली, दोड्डी कोमरय्या मेला. त्यानंतर लढा पेटला.

त्या काळात काही मुलखात खरोखर कम्युनिस्टांचं राज्य झालं. पण ते हैदराबादच्या राजवाड्यात नाही, गावात. गाव समिती निवडायची, तीच न्याय करायची, मजुरी ठरवायची, जमीन वाटायची. देशमुखांनी हडपलेली जमीन आधी परत घेतली. पडीक आणि जंगलाची वाटली. मग मोठ्या मालकांची. आधी ५०० एकरांवरची, मग २०० वरची, शेवटी कोरडवाहू १०० आणि ओलिताची १० एकर मालकाला ठेवून बाकीची. पुढारी पी. सुंदरय्यांनी लिहून ठेवलंय की जवळजवळ ३,००० गावांत असं राज्य होतं आणि १० लाख एकर जमीन वाटली गेली.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारताची फौज शिरली. १७ तारखेला निजामानं हार मानली. रझाकारांचा जुलूम थांबला, हे चांगलंच झालं. पण पुढं ऐका. १९५० मध्ये त्याच निजामाला राजप्रमुख केलं, १९५६ पर्यंत तो त्या पदावर होता. १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, पण जहागीरदारांना मोबदला मिळाला. वेठ करणाऱ्याला कुणी मोबदला दिला का?

आणि फौज तेलंगणात गावसमित्यांवर फिरली. पळालेले देशमुख परत आले. लढणारे जंगलात शिरले. त्यांना भाकरी कुणी दिली? कोया आणि चेंचू आदिवासींनी. म्हणून सरकारनं त्यांच्या वस्त्या उठवून त्यांना छावण्यांत आणून कोंडलं. सुंदरय्यांच्याच हिशोबानं ४,००० च्या आसपास माणसं मारली गेली. ऑक्टोबर १९५१ मध्ये पक्षानं लढा मागं घेतला. लढलेल्या बायांना सांगितलं, आता घरी जा.

लढा फुकट गेला असं आम्ही म्हणत नाही. त्याच्या धाकानंच १९५० चा हैदराबादचा कूळ कायदा आला, मराठवाड्यातही पुष्कळ कुळांना आधार झाला. पण आपल्याला काय मिळालं? आपण कुणाचे कूळच नव्हतो! आपली जमीन नकाशात जंगल म्हणून लिहिलेली. राजा बदलला, झेंडा बदलला, पण नकाशा तोच राहिला.

यातून आम्ही एक गोष्ट धरली आहे. वर कुणाचंही राज्य येवो, जमीन टिकते ती गाव एकत्र बसून ठरवतं आणि ठरवलेलं लिहून ठेवतं तेव्हा. दुसऱ्यानं वाटून दिलेली जमीन दुसरा येऊन काढून घेतो. आणि निर्णय दुसरीकडं होऊन मार आपल्याला बसणार असेल, तर तो लढा आपला नाही.

आता वनहक्क कायदा आलाय. या १ जानेवारीपासून नियम लागू आहेत. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असलेली जमीन, चार हेक्टरपर्यंत, नवरा-बायको दोघांच्या नावानं. आणि पहिला निर्णय साहेबाचा नाही, ग्रामसभेचा. पण ग्रामसभेला दोन तृतीयांश माणसं पाहिजेत. आपल्या किती गावांत ती भरली? हात वर करा. बघा, मोजके हात आहेत.

यात आमचीही चूक आहे. आम्ही फॉर्म भरायच्या घाईत लागलो. ज्याला लिहिता येतं त्याचा दावा पुढं गेला, विधवा बाईचा मागं राहिला. चराई, मोह, तेंदू, डिंक यांचा सामूहिक दावा तर कुणी हातातच घेतला नाही. काही ठिकाणी दलाल शंभर-दोनशे रुपये घेऊन फॉर्म भरून देतात. साथींनो, या दाव्याला एक रुपया लागत नाही.

आणि दिवस थोडे आहेत. दसरा झाला की मुकादमाची गाडी येईल, कोयते उसाला जातील, गावात म्हातारी माणसं उरतील. मग दोन तृतीयांश कुठून आणणार? म्हणून दसऱ्याच्या आत एवढं करा.

एक, ग्रामसभा बोलवा. घरटी एक माणूस चालणार नाही, बायांसकट सगळे या. सह्या-अंगठे सभेतच घ्या.

दोन, गावातल्या जुन्या माणसांचा जबाब लिहून घ्या. दावा करणारा सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्याचा लेखी जबाब कायद्यात पुरावा आहे. जुनी विहीर, बांध, देवाची जागा, मसणवटा, हेही पुरावे आहेत. पण एकावर भागत नाही, दोन तरी जोडा.

तीन, सामूहिक दावा आधी लिहा, त्याच सभेत घरोघरचे दावे वाचा. एकही विधवा, एकही निराधार राहिला तर सभा उठू देऊ नका.

चार, अर्जाची पोच घ्या. पोच नाही तर अर्ज नाही.

भीमाला राजाशी लढावं लागलं. आपल्याला आज आधी आपल्याच गावातल्या रिकाम्या सतरंजीशी लढायचंय. ती भरा. मग त्या गुरखादादाला आम्ही सांगू, आमच्याकडं ६० वर्षं लागली, पण नाव लागलं.

जल, जंगल, जमीन, आमच्या गावाची! जिंदाबाद!