कोनाचा होस गा?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजक म्हणाले, शाळेच्या आठवणी सगळेच सांगणार आहेत, तू दुसरं काही बोल. म्हणून भाड्याच्या सायकलीवर बोलतो. सर, घंटा जरा उशिराच वाजवा.

आपल्या वेळी धानोऱ्यात स्वतःची सायकल असलेली पोरं बोटावर मोजण्याइतकी. बाकीचे आपण सारे भाड्याचे. मडगार्डवर पांढऱ्या रंगाने नंबर, दुकानात एक मळकी वही, आठ आणे तास. मधल्या दांडीखालून पाय घालून आपण शिकलो. दुकानदार पैसे नंतर मागायचा, आधी विचारायचा, "कोनाचा होस गा?" बापाचं नाव सांगितलं की सायकल हातात. तेच तारण. आणि परत आणायला उशीर झाला की बातमी आपल्याआधी घरी पोचलेली असायची!

1989 साली नोकरीच्या प्रशिक्षणासाठी मी महिनाभर पुण्याला गेलो. जिल्ह्यात रेल्वे स्टेशन एकच, वडसा; म्हणून एसटीने नागपूर आणि तिथून महाराष्ट्र एक्स्प्रेस. पुण्यात उतरलो तर रस्ताभर सायकली. बाया नऊवारीत सायकलवर, म्हातारे धोतरात सायकलवर. मला वाटलं, आपलंच गाव मोठं झालंय. शिवाजीनगरात एका दुकानात भाड्याची सायकल मागितली. त्यानं विचारलं, "ओळख कोणाची?" मी बापाचं नाव सांगितलं. तो नुसता बघत राहिला. त्याची चूक नव्हती. धानोरा कुठं आहे हेच मला आधी सांगावं लागलं. गडचिरोली जिल्हा होऊन तेव्हा सातच वर्षं झाली होती.

ओळख दिली ती खानावळीतल्या काकूंनी. मी त्यांच्याकडे जेवायला लागून चार दिवस झाले होते. त्या पदराला हात पुसत दुकानापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "आमच्याकडे जेवतो. द्या." एवढंच. महिनाभर सायकल मिळाली.

अनोळखी शहर कळतं ते सायकलवर, हे मी तेव्हापासून सांगत आलोय. पायी निघालो तर दोन चौकांत दमतो, बसमधून काही दिसत नाही. सायकलवर एक पाय टेकवून कोणालाही पत्ता विचारता येतो. काकूंनीच सांगून ठेवलं होतं, जंगली महाराज रस्त्यानं डेक्कनला जायचं आणि फर्ग्युसन रस्त्यानं परत यायचं, उलटं नाही. पेठांचं मात्र गणित वेगळं. वारांची नावं असली तरी पेठा वारांच्या क्रमानं लागत नाहीत! शनिवारातून निघालो की रविवार येत नाही, नारायण येते. मी नदी धरून ठेवली. मुठेचा पूल ओलांडला की नाही, एवढं लक्षात असलं की घर सापडतं. जंगलात नाला धरून चालायची आपली सवय तिथं कामाला आली.

पुढे 2018 मध्ये मुलाला भेटायला पुन्हा पुण्याला गेलो. तेव्हा फुटपाथवर रंगीत सायकली उभ्या होत्या, मोबाइलवरून कुलूप उघडायचं. डिसेंबर 2017 मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात हा प्रकार सुरू झाला होता. कोणी काही विचारत नव्हतं. फोनला तुमची ओळख ठाऊक होती. ॲमस्टरडॅममध्ये 1965 साली काही तरुणांनी पांढऱ्या रंगाच्या सायकली बिनकुलपाच्या, सगळ्यांसाठी ठेवल्या, तर पोलिसांनी त्या उचलून नेल्या. पॅरिसनं 2007 मध्ये कार्डावर सायकली दिल्या, ते टिकलं. पुण्यातल्या त्या पहिल्या सायकलींची मात्र मोडतोड झाली, कंपन्या निघून गेल्या. मला नवल वाटलं नाही. "कोनाचा होस गा" विचारणारं तिथं कोणी नव्हतं.

आज मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना स्वतःची सायकल मिळते. या रस्त्यावर त्या रांगेनं शाळेला येताना बघून जीव सुखावतो. पण याच पोरी पुढे शिकायला, परीक्षा द्यायला नागपूर-पुण्याला जातात, आणि खोली बघायला गेल्या की घरमालक विचारतो, ओळख कोणाची? बापाचं नाव तिथं आजही चालत नाही.

तेव्हा एक मागणं आहे. जेवणाच्या मंडपात मी एक वही ठेवली आहे. शहरागणिक एक पान. आपलं नाव, नंबर लिहा, म्हणजे शाळेतल्या पोरीला तिथं सांगायला एक माणूस होईल. हे नंबर स्मरणिकेत छापायचे नाहीत. वही मुख्याध्यापकांच्या कपाटात राहील. चंद्रपूरच्या पानावर माझं नाव लिहिलंय. नागपूरच्या पानावर सकाळीच चौघांनी लिहिलं. पुण्याचं पान अजून कोरं आहे, आणि पुण्याहून आलेले तिघं मला इथून स्पष्ट दिसताहेत.